दुसरी फेरी वाचवणारं सिमेंट

यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला २०२२ साली बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीचा सिमेंट कारखाना सुरू झाला. वर्षाला ३९ लाख टन सिमेंट काढण्याची त्याची क्षमता आहे. कारखाना तिथेच येण्याचं कारण जमिनीत आहे. पैनगंगेच्या खोऱ्यातला हा चुनखडक शंभर कोटी वर्षांच्या आसपास जुना, आणि त्याचे थर वणी-झरीपासून पलीकडे चंद्रपूर आणि आदिलाबादपर्यंत गेलेले आहेत. वणीजवळच्या राजूरला दगड भाजून चुना काढण्याचा धंदा तर कारखान्याच्या कितीतरी आधीपासूनचा. हा चुनखडक मातीबरोबर दळून साधारण १४५० अंशांपर्यंत तापवला की त्याच्या काळपट गाठी होतात. त्यांना क्लिंकर म्हणतात. क्लिंकरमधला निम्म्याहून जास्त भाग बहुधा एकाच संयुगाचा असतो, ट्रायकॅल्शियम सिलिकेटचा. पाणी लागलं की घट्ट होण्याचा सिमेंटचा गुण मुख्यतः याच संयुगाचा. घराचा स्लॅब ते धरतं, आणि गेली तीस वर्षं दाताच्या मुळातली भोकंही तेच बुजवतं आहे. या दुसऱ्या कामासाठी सिमेंटमध्ये बऱ्याच सुधारणा झाल्या, अजूनही होत आहेत. त्या सुधारणा कशाने मोजायच्या, याबद्दल मात्र माझं म्हणणं प्रयोगशाळेतल्या कोष्टकांपेक्षा थोडं वेगळं आहे. सिमेंट किती दाब सोसतं, क्ष-किरणांत किती पांढरं दिसतं, हे पाहायलाच हवं. पण यवतमाळसारख्या जिल्ह्यात त्याची खरी कसोटी अशी की, त्याच्यामुळे रुग्णाची दवाखान्याची दुसरी फेरी वाचते का.

आधी अडचण कुठे येते ते पाहू. साध्या रूट कॅनलमध्ये कुजलेली नस काढतात, मुळातली पोकळी बारीक फाईलनी घासून साफ करतात, औषधी द्रवाने धुतात आणि गट्टा पर्चा नावाच्या रबरासारख्या पदार्थाने भरून टाकतात. मूळ शाबूत असेल तर एवढ्यावर भागतं. पण कधी वाकड्या मुळात फाईल भरकटते आणि भिंतीला भोक पाडून हाडात निघते. कधी कीड दाढेच्या तळातून दोन मुळांच्या बेचक्यात उतरलेली असते. कधी मूळ आतून आपोआप झिजत जातं. आणि कधी आठ वर्षांच्या पोराला हातपंपाचा दांडा तोंडावर बसतो, पुढच्या दाताची नस मरते, आणि मुळाचं टोक बंद व्हायचं असतानाच त्याची वाढ थांबते. असं मूळ टोकाला उघड्या नळीसारखं असतं. त्यात काहीही भरलं तरी पलीकडे हाडात उतरतं. या साऱ्या ठिकाणी भरायचं साहित्य रक्ताच्या आणि लसिकेच्या ओलाव्यात घट्ट झालं पाहिजे. सुकताना ते आकसता कामा नये, हाडाला आणि मऊ पेशींना बोचता कामा नये, आणि एक्स-रेत डॉक्टरांना दिसलंही पाहिजे. जुन्या काळी यासाठी अमाल्गम वापरत, म्हणजे चांदी-पाऱ्याचं मिश्रण, किंवा झिंक ऑक्साइड आणि लवंगतेलाची सिमेंटं. या दोन्हींना कोरडी जागा लागते, आणि मुळाच्या टोकाशी कोरडी जागा मिळणं जवळजवळ अशक्य. म्हणून अशी दुरुस्ती अनेकदा फसायची आणि दात शेवटी काढावाच लागायचा.

इथे बांधकामाचं सिमेंट कामाला आलं. कल्पना तशी अगदी नवी नव्हती. दाताच्या मुळात पोर्टलंड सिमेंट भरल्याची एक जर्मन नोंद १८७८ सालची आहे. पण पद्धतशीर काम झालं ते कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात. इराणी वंशाचे दंतवैद्य महमूद तोराबिनेजाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये या नव्या मिश्रणावरचा पहिला शोधनिबंध छापला. त्याचं नाव मिनरल ट्रायऑक्साइड अॅग्रिगेट, दवाखान्यातल्या बोलण्यात एमटीए. १९९५ मध्ये पेटंट झालं, १९९८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता मिळाली आणि मग प्रोरूट या नावाने ते बाजारात आलं. घटक पाहिले तर त्यात सुमारे ७५ टक्के पोर्टलंड सिमेंट, २० टक्के बिस्मथ ऑक्साइड आणि ५ टक्के जिप्सम. बिस्मथ एवढ्यासाठीच की एक्स-रेत भराव उठून दिसावा.

या पुडीत पाणी मिसळल्यावर काय घडतं, तिथे थोडं थांबायला हवं, कारण सगळं मर्म तिथेच आहे. ट्रायकॅल्शियम सिलिकेटचे कण पाण्यात विरघळू लागतात आणि त्यातून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटची जेलीसारखी जाळी तयार होते. ती कणांना बांधून टाकते आणि भराव दगडासारखा होतो. याच क्रियेत दुसरी वस्तू सुटते, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे आपला चुना. त्यामुळे कालवताना १०.२ असलेला सामू तीन तासांत १२.५ पर्यंत चढतो. इतक्या अल्कधर्मी जागेत बहुतेक जंतूंना जगणं कठीण होतं. सुटलेलं कॅल्शियम आजूबाजूच्या द्रवातल्या फॉस्फेटला मिळतं आणि भरावाच्या पृष्ठभागावर हायड्रॉक्सिअॅपटाइटचा पातळ थर धरतो. दाताचा आणि हाडाचा खनिज भाग याच पदार्थाचा असतो, म्हणून शरीर या भरावाला परकं मानत नाही. त्याच्या भोवती नवं सिमेंटम, म्हणजे मुळावरचं नैसर्गिक आवरण, आणि हाड वाढलेलं सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. ज्या ओलाव्याने जुनी साहित्यं नासायची, त्या ओलाव्याची याला गरजच असते.

एवढं असूनही पहिल्या एमटीएला हाताळणं सोपं नव्हतं. कालवलं की ते ओल्या वाळूसारखं होतं, चमच्याला धरत नाही, मुळाच्या टोकापर्यंत नेताना निम्मं वाटेतच सांडतं. बिस्मथ ऑक्साइडचा मूळ धुण्याच्या सोडियम हायपोक्लोराइटशी संबंध आला की दात आतून काळवंडतो, आणि पुढच्या दातावर असा डाग पडला तर एखाद्या मुलीसाठी तो आयुष्यभराचा जाच होऊन बसतो. सुजलेल्या जागी सामू खाली उतरलेला असतो, तिथे सिमेंट नीट घट्ट होत नाही. पण मला सर्वात मोठी अडचण वाटते ती वेळेची. मूळ एमटीए घट्ट व्हायला सुमारे पावणेतीन तास घेतं. इतका वेळ रुग्णाला खुर्चीत बसवणं शक्य नसतं. म्हणून डॉक्टर भरावावर ओल्या कापसाचा बोळा ठेवतात, वरून तात्पुरतं फिलिंग करतात आणि रुग्णाला पुन्हा बोलावतात. दुसऱ्या भेटीत बोळा काढून सिमेंट घट्ट झालंय का ते टोचून पाहायचं, मगच पुढचं काम.

सुधारणांची दिशा या दोषांवरून ठरली. ब्राझीलच्या अँजेलस कंपनीने २००१ मध्ये जिप्सम वगळून आपलं एमटीए आणलं, ते पंधराएक मिनिटांत घट्ट होऊ लागलं. फ्रान्सच्या सेप्टोडाँटने २००९ मध्ये बायोडेंटिन काढलं तेव्हा बांधकामाचं सिमेंटच बाजूला ठेवलं आणि शुद्ध कच्च्या मालापासून ट्रायकॅल्शियम सिलिकेट वेगळं तयार केलं. बिस्मथच्या जागी झिर्कोनियम ऑक्साइड घातलं, म्हणून दात काळवंडत नाही. पाण्यात कॅल्शियम क्लोराइड मिसळलं, म्हणून ते लवकर घट्ट होतं. कॅल्शियम क्लोराइडची ही युक्ती थंड प्रदेशातल्या बांधकामांत जुनीच आहे. लोखंडी सळ्या गंजतात म्हणून इमारतींत तिचा वापर आवरता घ्यावा लागला. दाताच्या मुळात सळई नसते, त्यामुळे तिथे ती बिनधोक चालते. उत्पादक बायोडेंटिनचा वेळ सुमारे बारा मिनिटं सांगतात, एका स्वतंत्र मोजणीत पूर्ण घट्ट व्हायला तो पाऊण तासापर्यंत गेला. तरी पावणेतीन तासांपुढे तो कमीच. मात्र झिर्कोनियमचं प्रमाण थोडं असल्याने एक्स-रेत ते फिकट दिसतं, आणि काही चाचण्यांत ते तीन मिलिमीटर जाड अॅल्युमिनियमइतकं दिसण्याच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या आसपास किंवा खाली राहिलं. एका दोषावर उपाय केला की दुसरीकडे थोडं द्यावं लागतं, असा या सगळ्या इतिहासाचा अनुभव आहे. म्हणूनच कोणता गुण आधी हवा हे ठरवावं लागतं, आणि ते वापरणाऱ्याच्या परिस्थितीवरून ठरवावं लागतं.

आता ही परिस्थिती यवतमाळची धरून पाहा. सोळा तालुक्यांचा हा कापसाचा जिल्हा. उमरखेडहून जिल्ह्याचं ठिकाण शंभर किलोमीटरहून दूर. गुंतागुंतीच्या दाढेसाठी ज्यांना दंत महाविद्यालयात पाठवतात त्यांना वर्ध्याजवळ सावंगी किंवा थेट नागपूर गाठावं लागतं, आणि यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. झरी, मारेगाव, केळापूरच्या पोडांवरून, म्हणजे कोलामांच्या वस्त्यांवरून, निघालेल्या माणसाला आधी डांबरी सडकेपर्यंत यावं लागतं, मग एसटी. दिवाळीनंतर कापूस वेचणी सुरू झाली की एक दिवस घरी राहणं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणं, आणि ही मजुरी वर्षभर मिळत नाही. असा माणूस दुखऱ्या दाढेसाठी एकदा येतो, कारण दुखणं त्याला आणतं. नस काढली की दुखणं थांबतं. मग दुसऱ्या भेटीला त्याला आणणारं काही उरत नाही. तात्पुरतं फिलिंग काही आठवड्यांत झिजतं, लाळ आत झिरपते, जंतू परत मुळात शिरतात, आणि पहिल्या दिवशी केलेली चांगली दुरुस्ती वाया जाते. कागदावर ही नोंद उपचार अपुरा सोडल्याची होते आणि दोष रुग्णाच्या बेफिकिरीवर जातो. माझ्या मते त्या दोषाचा मोठा वाटा साहित्याचा आहे. ज्या सिमेंटसाठी रुग्णाला दोनदा यावं लागतं, ते या जिल्ह्यापुरतं अपुरं सिमेंट.

यात खर्ऱ्याची भर आहे. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेला खर्रा विदर्भात पानठेल्या-पानठेल्यावर मिळतो आणि दिवसभर गालफडात राहतो. त्याने दाढांचे माथे झिजून कधीकधी नसेपर्यंत जातात, हिरड्या मागे सरकतात. पुढे सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊन तोंडच पुरतं उघडत नाही. या आजाराला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. दोन बोटांएवढं तोंड उघडणाऱ्या माणसाच्या मागच्या दाढेत फाईल घालणं, आरसा धरणं आणि वाळूसारखं सिमेंट नेमक्या जागी बसवणं किती अवघड असेल, ते कोणत्याही दंतवैद्याला विचारावं. अशा तोंडात प्रत्येक भेट रुग्णाच्या जबड्याला आणि डॉक्टरांच्या मनगटाला सारखीच त्रासाची. सिमेंट हातात नीट धरणं आणि लवकर घट्ट होणं हे गुण इथे दाढ वाचवतात. एक गोष्ट मला इथे नोंदवावीशी वाटते. खर्ऱ्यातला चुना आणि सिमेंटमधून सुटणारा चुना रासायनिक दृष्ट्या एकच. तंबाखूत मिसळून तो गालाची त्वचा जाळतो, मुळाच्या टोकाशी मोजक्या जागेत तोच हाड भरून यायला मदत करतो.

फेऱ्यांच्या हिशेबाचा सर्वात ठोस पुरावा लहान मुलांच्या मार लागलेल्या दातांत मिळतो. उघड्या टोकाच्या मुळासाठी १९६० च्या दशकापासून कॅल्शियम हायड्रॉक्साइडची पेस्ट भरायची पद्धत रूढ झाली. ती भरायची, काही महिन्यांनी बदलायची, आणि टोकाशी खनिजाचा अडसर तयार होईपर्यंत वाट पाहायची. याला सहा महिन्यांपासून दीड वर्ष लागे, कधी जास्तही. मुलाच्या प्रत्येक भेटीसाठी पालकांपैकी एकाला सोबत यावं लागे. पुढे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. २००२ मध्ये डेन्मार्कच्या अँड्रिअसन आणि सहकाऱ्यांनी मेंढ्यांच्या दातांवर प्रयोग केला, आणि ही पेस्ट फार काळ मुळात राहिली तर सुमारे वर्षभरात मूळ निम्म्याच जोरात तुटू शकतं, असा निष्कर्ष निघाला. त्याआधी १९९२ मध्ये स्वीडनच्या त्सवेक यांनी अशा उपचार झालेल्या कच्च्या मुळांपैकी किती नंतर मोडली याची आकडेवारी दिली होती. मूळ जितकं अपुरं वाढलेलं, तितकं मोडण्याचं प्रमाण जास्त, २८ टक्क्यांपासून थेट ७७ टक्क्यांपर्यंत. म्हणजे मुलाला दीड वर्ष फेऱ्या मारायला लावून शेवटी दात मानेपाशी तुटून पडण्याची शक्यता वाढवायची, असा हा सौदा होता. एमटीएने तो मोडून काढला. मुळाच्या टोकाशी चार-पाच मिलिमीटर जाडीचा सिमेंटचा बूच बसवायचा आणि त्यावर लगेच, किंवा दुसऱ्या भेटीत, मूळ भरून टाकायचं. वेगाने घट्ट होणाऱ्या सिमेंटने हे काम एका दिवसात आटोपता येतं. शाळेतल्या आरोग्य तपासणीत दाताची कीड सापडते हे खरं, पण पुढच्या दाताला लागलेला मार पालकांना अनेकदा सहा महिन्यांनी, दात काळा पडल्यावर कळतो. तेव्हा तरी उपचार एका फेरीत व्हावा.

यावर पहिला आक्षेप थेट मुकुटबनकडे बोट दाखवतो. मुळात भरायचं ते पोर्टलंड सिमेंटच असेल, तर तीन-चारशे रुपयांना ५० किलोची गोणी मिळत असताना परदेशी एमटीएच्या एका ग्रॅमच्या पुडीला काही हजार रुपये का मोजायचे? हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९९९ आणि २००० साली दोन्हींची तुलना झाली तेव्हा मुख्य घटक सारखेच निघाले. ब्राझीलमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये मुलांच्या दुधाच्या दाढांत एमटीए आणि पोर्टलंड सिमेंट यांची शिस्तशीर तुलना छापली, आणि दोन वर्षांच्या पाहणीत पोर्टलंड सिमेंट मागे पडलं नाही. तरीही गोणीतलं सिमेंट तोंडात जाऊ नये, याची कारणं पक्की आहेत. आपल्याकडे किरकोळ बाजारात खपणाऱ्या सिमेंटपैकी बरंच पोर्टलंड पोझोलाना असतं, आणि भारतीय मानकाप्रमाणे त्यात १५ ते ३५ टक्के औष्णिक वीज केंद्राची राख चालते. भट्टीत कोळशाबरोबर कोणतं इंधन जाळलं, चुनखडकाच्या कोणत्या थरातून माल आला, यानुसार त्यातल्या जड धातूंचं प्रमाण प्रत्येक खेपेला बदलतं. दातात वापरायच्या सिमेंटमध्ये आम्लात विरघळणारं आर्सेनिक किलोमागे दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, अशी आंतरराष्ट्रीय मानकाची मर्यादा आहे. काही तपासण्यांत पोर्टलंड सिमेंट ती ओलांडून गेलं, काहींत नाही. याच अनिश्चिततेमुळे ते नाकारावं लागतं. शिवाय बांधकामाच्या सिमेंटचे कण जाडे असतात आणि एक्स-रेत दिसण्यासाठी त्यात काही घातलेलं नसतं. भराव कुठपर्यंत गेला हेच डॉक्टरांना कळलं नाही तर दुरुस्ती अंदाजाने होणार. दंतवैद्यकातलं साहित्य २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली येतं आणि परवान्याची सक्ती २०२२ आणि २०२३ मध्ये टप्प्याटप्प्याने लागू झाली, ते याच खात्रीसाठी. मूळ आक्षेपातला खरा भाग मात्र मी मान्य करतो. या पुडीची किंमत कच्च्या मालाने वाढत नाही. शुद्धीकरण, दळण, तपासणी, पेटंट आणि वाहतूक यांनी ती वाढते. त्यातलं पेटंट आता सरलेलं आहे. बाकीच्या साऱ्या गोष्टी भारतात होऊ शकतात.

होतातही. फ्लोरिडातल्या अॅव्हलॉन बायोमेड कंपनीचं एमटीए प्लस हे सिमेंट जम्मूच्या प्रेव्हेस्ट डेन्प्रो कंपनीने बनवलं. त्याचे कण मूळ एमटीएपेक्षा बारीक आणि पाण्याऐवजी कालवायला दिलेली जेल, म्हणजे धुऊन जाण्याची तक्रार कमी. या सिमेंटच्या तपासणीचे निकाल परदेशी नियतकालिकांत छापले गेले. म्हणजे भारतातली प्रयोगशाळा आणि भट्टी जगाच्या कसोटीला उतरणारा माल काढू शकते, हे सिद्ध झालेलं आहे. इराणचं उदाहरण त्याहून बोलकं. तेहरानचे सईद असगरी यांनी २००० च्या दशकात सीईएम नावाचं स्वतःचं सिमेंट तयार केलं आणि ते देशाच्या आरोग्य केंद्रांतून वापरून पाहिलं. अनेक केंद्रांवर चारशेहून अधिक रुग्णांच्या दुखऱ्या दाढा दोन गटांत विभागल्या. एका गटाला पूर्ण रूट कॅनल, दुसऱ्या गटात फक्त वरची सुजलेली नस काढून उरलेल्या जिवंत नसेवर हे सिमेंट. पाच वर्षांनी दोन्ही गटांत यशाचं प्रमाण सारखंच, जवळपास तीन चतुर्थांश आलं. यवतमाळच्या दृष्टीने याचा अर्थ फार मोठा आहे. दाढेची पूर्ण रूट कॅनल म्हणजे तीन-चार वाकड्या नळ्या, कुशल हात, बऱ्याचदा दोन-तीन भेटी. वरच्या नसेवर सिमेंट ठेवणं एका भेटीत आणि ग्रामीण रुग्णालयातल्या दंतवैद्याच्या आवाक्यात बसणारं काम.

दुसरा आक्षेप खुद्द दंतवैद्यांकडून येईल, आणि तो माहितीतून आलेला आहे. अनुभवी डॉक्टर आजही ओल्या एमटीएवर ग्लास आयनोमर या फिलिंगच्या साहित्याचा थर देऊन त्याच दिवशी काम संपवतात. वरच्या थराने ओलावा कोंडला जातो, खाली सिमेंट आपल्या गतीने घट्ट होतं. मग वेगवान सिमेंटची गरज काय? जिथे सिमेंट फक्त झाकण म्हणून ठेवायचं आहे तिथे ही युक्ती चालते, हे मला पटतं. पण उघड्या टोकाच्या मुळात सिमेंटच्या बुचावर गट्टा पर्चा दाबून भरायचा असतो. बूच मऊ असताना दाब दिला तर तो सरकून हाडात उतरणार. बेचक्यातल्या भोकातही रक्त आणि लाळ सिमेंटला धुऊन काढण्याआधी ते धरलं पाहिजे. आणि ही युक्ती हातखंडा असलेल्यांची. नव्याने सेवेत आलेल्या, दिवसाला चाळीस रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला ती जमावी असं गृहीत धरून उपचाराची आखणी करता येत नाही. साहित्याने चुकीला थोडी जागा द्यायला हवी.

तिसरा आक्षेप सर्वात वजनदार आहे, कारण तो दयेपोटी येतो. जिल्ह्याच्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, दातांवर तपकिरी पट्टे आणि खड्डे दिसतात. खर्रा सुटत नाही. ब्रश घरात एकच. अशा ठिकाणी पैसा प्रतिबंधावर खर्च करावा, दुखरी दाढ शंभर-दोनशे रुपयांत काढून टाकावी, महागड्या सिमेंटचा विचार कशाला? प्रतिबंध आधी, यावर माझा वाद नाही. पण दाढ काढण्याचा खर्च त्या दिवशी संपत नाही. एक दाढ गेली की समोरची लांबते, शेजारची कलते, चावणं एका बाजूला जातं. ज्वारीची भाकर आणि भाजलेले शेंगदाणे खाणाऱ्या माणसाला दाढांची गरज शहरात मऊ पाव खाणाऱ्यापेक्षा जास्त असते. आणि ज्या मुलाचा पुढचा दात नवव्या वर्षी काढला, त्याला जबड्याची वाढ संपेपर्यंत, म्हणजे पुढची निदान आठ-नऊ वर्षं, कायमचा कृत्रिम दात बसवता येत नाही. दुरुस्तीचं सिमेंट स्वस्त आणि एका भेटीचं झालं की प्रतिबंध आणि दुरुस्ती यांत ओढाताण राहत नाही.

नवं सिमेंट जुन्यापेक्षा खरोखर किती सरस, याचा हिशेबही प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अमेरिकेच्या वायव्य भागातल्या ३५ खासगी दवाखान्यांत झालेला एक अभ्यास २०१३ मध्ये छापला गेला. उघड्या पडलेल्या नसेवर एका गटात जुनं कॅल्शियम हायड्रॉक्साइड, दुसऱ्यात एमटीए. दोन वर्षांत पहिल्या गटात अपयशाची शक्यता ३१.५ टक्के, दुसऱ्यात १९.७ टक्के. फरक लक्षणीय आहे, पण एमटीएच्या गटातही पाचातल्या एका दातात उपचार फसला. सिमेंट कीड काढत नाही, जंतू राहिले असतील तर ते झाकून टाकतं इतकंच. रबर डॅम लावून लाळ दूर ठेवणं, कीड पुरती काढणं, वरून घट्ट फिलिंग किंवा कॅप, यांच्याशिवाय सिमेंट एकटं काही करू शकत नाही. आणि बायोडेंटिन व एमटीए यांच्यात रुग्णाच्या अंतिम निकालाचा मोठा फरक बहुतेक तुलनांत दिसत नाही. या वस्तुस्थितीने माझं म्हणणं कमजोर होत नाही. गुणांत दोन सिमेंटं बरोबरीची असतील, तर निवड फेऱ्या, किंमत आणि हाताळणी यांवरच व्हायला हवी.

तसं झालं तर पुढच्या सुधारणेची कामं वेगळी दिसतात. सिमेंटची घट्ट होण्याची गती प्रयोगशाळेत साधारण २३ अंशांच्या खोलीत किंवा शरीराच्या ३७ अंशांना मोजतात. यवतमाळला मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास जातो आणि पंखा फिरत असला तरी कालवण्याची काचपट्टी तापलेलीच असते. उष्णतेने सिमेंटची क्रिया वेगवान होते. बारा मिनिटांत धरणारं सिमेंट तिथे डॉक्टरच्या हातातच धरू लागेल. म्हणून ४० अंशांच्या खोलीत किती मिनिटं काम करता येतं, हा आकडा पुडीवर छापलेला असायला हवा. दुसरी बाब पावसाळ्याची. उघडलेल्या पुडीतली भुकटी हवेतलं पाणी ओढते, कण एकमेकांना चिकटून जाडे होतात आणि पुढच्या रुग्णाला तेच सिमेंट कमी ताकदीचं मिळतं. एक ग्रॅमची पुडी चार रुग्णांना पुरवण्याची सवय आपल्याकडे किमतीमुळे लागलेली आहे. त्यावर उपाय म्हणजे एका दातापुरत्या, नेमक्या २५० मिलिग्रॅमच्या बंद कुप्या, मोजलेल्या द्रवासकट. तिसरी बाब तपासणीची. सावंगी आणि नागपूरच्या दंत महाविद्यालयांकडे जिल्ह्याचे रुग्ण येतातच. भारतीय बनावटीच्या सिमेंटांची तुलना तिथे करताना तोंड कमी उघडणारे खर्रा खाणारे आणि फ्लोराइडने दात बाधलेले रुग्ण वगळू नयेत. अभ्यासाची सोय म्हणून सहसा त्यांनाच आधी वगळतात. आणि निकालांच्या तक्त्यात यशाच्या टक्क्यांशेजारी आणखी एक रकाना असावा, उपचार पूर्ण व्हायला रुग्णाला किती वेळा यावं लागलं आणि त्यातले किती जण शेवटच्या भेटीला आले.